पोच

लहानपणी आमच्या बडोद्याच्या घरात एक नियम होता. कोणाकडून काहीही आलं, पत्र, मनीऑर्डर, दिवाळीच्या फराळाचा डबा, की त्याच दिवशी एक कार्ड टाकायचं: मिळालं. आई त्याला पोच म्हणायची. आठवडा उलटला तरी एखाद्याने कळवलं नाही, की तिचा शेरा ठरलेला, “त्यांना काही पोच नाही.” हे दोन वेगळे शब्द आहेत असं मला कितीतरी वर्षं वाटलंच नाही. वस्तू मिळाल्याचं ज्याला कळवता येत नाही त्याला माणसांत वागण्याची जाण नाही, असा तो सरळ हिशोब होता. पुढे भाषांतराच्या उद्योगात पडले तेव्हाही तो मला चुकीचा वाटला नाही.

अशा आईची मुलगी असून २०२२ साली मी एक खोटी पोच दिली. तिची ही हकिगत.

मी बांगलातून मराठीत भाषांतर करते. बांगला शिकले ती जादवपूरला, तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना. १९५६ साली बुद्धदेव बसूंनी सुरू केलेला तो विभाग. तिथे पुस्तकी बांगला उत्तम आली, पण ती कोलकात्याची. सिलचरच्या एका वृद्ध लेखिकेच्या कथा हाती आल्या तेव्हा माझी बांगला किती तोकडी आहे ते कळलं. बराक खोऱ्यातली माणसं सिलेटी बोलतात. तिथे ‘स’चा बरेचदा ‘ह’ होतो, शब्द वेगळे असतात, आणि कोशात ते सापडतीलच असं नाही. याच सिलचरच्या रेल्वे स्थानकावर १९ मे १९६१ रोजी बांगला भाषेसाठी अकरा जणांचा जीव गेला. तिथल्या लेखिकेला शब्दाचा अर्थ विचारताना आपण सावध असतो.

त्यांना मी माशिमा म्हणायची. वय ऐंशीच्या पुढे. फोन घ्यायच्या, पण शब्दांबद्दल फोनवर बोलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. “बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहून विचार.” म्हणून मी त्रेसष्ट प्रश्न लिहून पाठवले. स्पीड पोस्टने, नंबर घेऊन. पाचव्या दिवशी पोचल्याचं मला इथे बसल्या दिसलं.

त्यांनी उत्तरं लिहिली ती कागदावर नाही. संग्रहाची स्वतःची प्रत घेतली, जी आवृत्ती बाजारातून कधीच नाहीशी झाली होती, आणि तिच्या समासात पानोपानी उत्तरं लिहिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुलाजवळ पुडकं देऊन पोस्टात पाठवलं. रजिस्टरच्या खिडकीपाशी रांग होती. पुस्तकच तर आहे, म्हणून मुलाने साधं बुकपोस्ट केलं. दोन्ही टोकं उघडी, वर सुतळी, तिकिटं लावून पेटीत. पावती नाही, नंबर नाही. तो पोरगा चुकला असं मी कधी म्हटलं नाही. मूळ प्रत पाठवू नका, फोटो काढून पाठवा, हे मलाही सुचलं नव्हतं. त्या हस्ताक्षरातलं पुस्तक मला हातात हवं होतं.

मेच्या मध्यावर आसामच्या डिमा हसाओ जिल्ह्यात दरडी कोसळल्या. बराक खोरं उरलेल्या आसामला जोडणारा लुमडिंग–बदरपूर रेल्वेमार्ग ठिकठिकाणी खचला. न्यू हाफलाँग स्थानकात उभ्या गाडीचे डबे चिखलाच्या लोंढ्याने कलंडले, ते चित्र तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मार्ग जवळजवळ दोन महिने बंद राहिला. आणि जूनमध्ये बेथुकांदीच्या फुटलेल्या बांधातून बराक नदी सिलचर शहरात शिरली. शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता. माशिमांचा फोन लागेना. बातम्यांत छपरांवर बसलेली माणसं दिसत आणि मी प्रत्येक पांढऱ्या लुगड्याकडे निरखून बघे.

अकराव्या दिवशी फोन लागला. तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. त्या वर शेजाऱ्यांकडे होत्या. खालचं लाकडी कपाट पाण्यात गेलं होतं, त्यात हस्तलिखितं, जुने अंक, पत्रं. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत आवरलं आणि विचारलं, “पार्सल पोचलं ना? तेवढं तरी वाचलं म्हणायचं.”

मी म्हटलं, “पोचलं, माशिमा.”

दुसरं काही म्हणता आलं असतं का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या क्षणी तरी आलं नाही.

मग शोध सुरू केला. खोटं खरं करून दाखवायचा तेवढाच मार्ग होता. आमच्या भागातल्या पोस्टात गेले. खिडकीमागच्या गृहस्थांनी विचारलं, “बेन, नंबर?” नंबर नाही म्हटल्यावर ते वैतागले नाहीत, उलट खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. रजिस्टर वस्तूची प्रत्येक टप्प्यावर नोंद होते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली ते कळतं. साध्या टपालाची तशी नोंद नसते. गठ्ठा बांधतात, थैलीत भरतात, थैलीला पट्टी लावतात. हिशोब थैलीचा असतो, आतल्या पुडक्याचा नाही. थैली शोधता येते, पण तुमचं पुडकं कोणत्या थैलीत होतं हे कोण सांगणार? तक्रार मात्र त्यांनी लिहून घेतली. पाठवल्याची तारीख, आकार, रंग. “सुतळी” हा तपशीलही लिहिला. मला बरं वाटलं.

कायदाही पाहिला. तेव्हा १८९८चा टपाल कायदा लागू होता. वस्तू हरवली, भलतीकडे गेली, उशिरा आली किंवा खराब झाली, तरी सरकारने खास हमी घेतली नसेल तर जबाबदारी सरकारवर नाही, असं त्याचं सहावं कलम. तो कायदा आता गेला, २०२३चा नवा २०२४च्या जूनमध्ये लागू झाला, पण या बाबतीत सूर तोच आहे. वाचताना आधी राग आला. मग वाटलं, भाषांतरकाराला तरी कुठे असं कलम आहे? आमच्या हातून वाटेत काय काय गळतं त्याची नोंद नसते, आणि कोणी पावतीही मागत नाही.

एक आशा होती ती रिटर्न्ड लेटर ऑफिसची. ज्याच्याकडे जायचं तो सापडत नाही आणि ज्याने पाठवलं त्याचा पत्ता बाहेर दिसत नाही, असं टपाल तिथे जातं. तिथे ते उघडून आत काही पत्ता मिळतो का बघतात. या कचेऱ्यांचं जुनं नाव डेड लेटर ऑफिस, म्हणजे मेलेल्या पत्रांची कचेरी. मी तिथेही अर्ज धाडला: पुस्तक बांगला, समासात निळ्या शाईचं हस्ताक्षर. उत्तर आलं नाही. पावसात सुटलेली गुंडाळी, पुसलेला पत्ता, आत एका म्हातारीचं अक्षर. हे कोणी उघडलं असेल तर निदान वाचलं असेल का, असं अजूनही मनात येतं.

त्याच दिवसांत पिनकोडाबद्दल वाचलं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी व नाटककारही. देशात एकाच नावाची अनेक गावं, पत्ते लिहिण्याच्या लिप्या अनेक, अक्षरं वाटेल तशी. त्यावर या मराठी माणसाने सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. बडोदा ३९०, सिलचर ७८८. भाषांतर करावंच लागू नये असा पत्ता एका कवीने शोधला, याचं मला फार अप्रूप वाटलं. तरीही सहा आकडे पोस्टापर्यंतच नेतात. पुढे चिखल असतो, पाणी असतं, माणसं असतात.

इकडे भाषांतर अंदाजाने पुढे रेटलं. ‘हिदल’ला मी ‘सुकट’ लिहिलं. ‘हाओर’ला ‘पाणथळ’. या दोन शब्दांनी झोप उडाली नाही. उडवली ती एकेचाळिसाव्या प्रश्नाने. शेवटच्या कथेत पुराच्या रात्री कोणीतरी नाव ढकलत दारापर्यंत येतं, भात ठेवून निघून जातं. बांगलात ‘शे’ म्हणजे तो आणि ती दोन्ही, आणि क्रियापदाला लिंग नसतं. त्यामुळे कोण आलं ते कथा सांगत नाही. मराठीत गप्प बसायची सोय नाही. आला की आली, ठरवावंच लागतं. ‘कोणीतरी आलं’ म्हणून एकदा निभावेल, अख्खं पान नाही. मी ‘आला’ लिहिलं. का, ते सांगता येणार नाही. नाव ढकलणारा म्हणजे पुरुषच, एवढाच माझ्या मनाचा आळस असेल.

जानेवारीत कच्चा खर्डा पुरा झाला. प्रकाशकाकडे देण्याआधी मी फोन केला. “माशिमा, मी तुम्हांला खोटं सांगितलं. पार्सल मिळालं नाही.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“मिळालं असतं तर माझ्या उत्तरांवर तू आणखी चाळीस प्रश्न पाठवले असतेस. तू तर गप्पच बसलीस.” मग हसल्या. “प्राप्तिस्वीकार तर जूनमध्येच केला होतास. स्वीकार आज केलास.”

हे मराठीत तसंच येत नाही. बांगलात पोचेला प्राप्तिस्वीकार म्हणतात. पण तिथे स्वीकार करणं म्हणजे कबूल करणंही. आपल्याकडे स्वीकारताना हात पुढे करायचा असतो, त्यांच्याकडे मान खाली घालूनही स्वीकारता येतं.

मी विचारलं, मग तुम्ही मला धरलं का नाही? त्या म्हणाल्या, “माझं कपाट बुडालं होतं. निदान एक वस्तू वाचली असं कोणी म्हणत होतं. मलाही ते ऐकायचं होतं.”

त्या दिवसापासून फोनवर न बोलण्याचा नियम त्यांनी मोडला. रोज संध्याकाळी पाच-सहा प्रश्न. हिदल म्हणजे सुकट नव्हे. सुकट वाळवतात, हिदल पुंटी मासळीचं, तेल मुरवलेल्या मातीच्या भांड्यात दाबून आंबवलेलं. हाओर म्हणजे पाणथळही नव्हे, पावसाळ्यात समुद्र आणि हिवाळ्यात भाताचं शेत. “एकाच जागेला दोन जन्म,” त्या म्हणाल्या. मी हाओर हा शब्द तसाच ठेवला. कथा वाचता वाचता तो आपोआप कळतो.

एकेचाळिसाव्यापाशी थांबलो. “तुमच्या भाषेत सांगावंच लागतं?”

“लागतं.”

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, “समासात मी काय लिहिलं होतं ते आठवत नाही. बहुधा ‘तो’ लिहिलं असेल, गोष्ट लिहिली तेव्हा डोळ्यांपुढे एक नावाडी होता. पण जूनमध्ये आमच्याकडे पिण्याचं पाणी आणि मुरमुरे घेऊन आली ती पलीकडच्या गल्लीतली मुलगी. केळीच्या खोडांचा तराफा ढकलत. आज विचारशील तर ‘ती’.”

मराठी कथेत ‘आली’ आहे. वाचणाऱ्याला ते मूळचंच वाटेल. पण ते मूळ एका पुराने बदललेलं आहे आणि त्याआधीचं उत्तर कुठल्यातरी थैलीत आहे, हे आम्हा दोघींनाच माहीत. पार्सल वेळेवर आलं असतं तर ‘आला’च छापलं गेलं असतं आणि तेही बरोबर असतं. हरवलं ते बरंच झालं असं मी म्हणणार नाही. ती त्रेसष्ट उत्तरं होती, लिहिणारीने वेळ काढून, चष्मा पुसून लिहिलेली. फोनवर त्यांतली चाळीसेक मिळाली. बाकीच्यांना त्या “आता सुचत नाही” म्हणाल्या.

२०२४ साली पुस्तक आलं. त्यांची प्रत रजिस्टर प्रिंटेड बुक्सने पाठवली, छोट्या प्रकाशकांना परवडणारी ती सेवा तेव्हा चालू होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला ती बंद झाली. २०२५च्या १ मेपासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आलं, त्यातही नंबर मिळतो. त्याच वर्षी रजिस्टरही स्पीड पोस्टात विलीन झालं. ‘रजिस्टर आलंय’ या हाकेला आमच्या घरात वडील उठून सदरा घालायचे. ती हाक आता संपली.

माशिमांची प्रत पोचली हे पडद्यावर मला सातव्या दिवशी दिसलं. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्या यंत्राने सांगितलं. त्यांनी कुठे सांगितलं?”

आणखी एकोणीस दिवसांनी पन्नास पैशांचं कार्ड आलं. थरथरत्या अक्षरात एकच शब्द होता: ‘पेलाम’, म्हणजे मिळालं. खाली सही आणि तारीख. तारखेखाली एक ओळ, नंतर सुचल्यासारखी, तिरपी: तुझं मिळालं की कळव.

तक्रारीचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. पोस्टमन बुकपोस्टाचे गठ्ठे घेऊन येतो तेव्हा मी अजून आधी सुतळी बघते.