सागाच्या पानाखालचं आजोळ

पावसाळ्यात मेळघाटातल्या सेमाडोहला येणाऱ्याची नजर झाडीत शिरते. वाघ नाही तर नाही, निदान अस्वल तरी दिसावं! माझी नजर खाली जाते. दोन-तीन दिवसांची झड उघडली, की सिपना नदीच्या काठावर सागाचं चाळण झालेलं पान काडीने उचलून बघावं. खाली ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांची रास आणि तिच्या कडेला गांडूळ. उन्हाळाभर ते खोल मातीत, स्वतःच्याच चिकट स्रावाने लिंपलेल्या पोकळीत वेटोळं करून पडलेलं असतं. आता उजेड लागताच ते पुढचं टोक निमुळतं करतं, लांबवतं, मातीत रोवतं; मागचं अंग वलयावलयाने ओढलं जातं. ओल्या कातडीवर क्षणभर निळसर झाक उमटते. त्या कातडीतूनच ते श्वास घेतं.

आत पेशीपेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) आहेत आणि त्यांची स्वतःची, कड्यासारखी बंद जनुकमाला. 1995 मध्ये बूर आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी 'लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस' या युरोपीय गांडुळाचं हे कडं पूर्ण वाचलं. अक्षरं 14,998, जनुकं 37. माणसाच्या कड्यात अक्षरं 16,569 आणि जनुकं तेवढीच, 37! आपली जनुकं दोन्ही धाग्यांवर वाटलेली, गांडुळाची सगळी एकाच धाग्यावर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

हे कडं आईकडून येतं. पण गांडुळात आई कोण? प्रत्येकाच्या अंगात नर आणि मादी दोन्ही. दोघं भेटतात, एकमेकांना शुक्राणू देतात आणि मग दोघंही आपापले कोष मातीत ठेवतात. प्रत्येक जण कुणाची तरी आई आणि कुणाचा तरी बाप. कोषातल्या पिल्लाला आजोळ मात्र एकच, ज्याचं अंडं त्याचं.

हे कडं वाचायचं कसं? शरीरभित्तीचा इवलासा तुकडा घ्यायचा, आतडं टाळून. कारण आतड्यात मातीतल्या जिवाणूंचा डीएनए भरलेला. तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मेलिनमध्ये आकार टिकतो, डीएनए मोडतो.

मेळघाटाला अशा वंशशोधाची ओळख आहे. इथेही राहणाऱ्या रानपिंगळ्याचा 1884 नंतरचा पत्ता थेट 1997 मध्ये शहाद्याजवळ लागला. तो नेमका कुणाच्या कुळातला, हा वाद शतकभर चालला. 2018 मध्ये तंतुकणिकेतली आणि केंद्रकातली जनुकं ताडून पाहिली, तेव्हा तो साध्या पिंगळ्यांच्याच गोतातला निघाला.

गांडुळाची ओळख तर त्याहून अवघड. मेखला, म्हणजे अंगाभोवतीचा जाडसर पट्टा, कितव्या वलयावर, जननछिद्रं कुठे, यावरून जात ठरते. वयात न आलेल्या गांडुळाला मेखलाच नसते. म्हणून नमुन्यांतली पिल्लं वर्षानुवर्षं 'अपक्व' एवढ्याच चिठ्ठीखाली बरणीत राहतात. कड्यातली अक्षरं मात्र कोषात असल्यापासून तीच.

प्रोजेक्ट टायगरच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे जंगल. वाघासाठी राखलं, तेव्हा त्याची मातीही राखली गेली. तिच्यातल्या गांडुळांची कडी, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, एकेक करून वाचली जावीत असं मला मनापासून वाटतं. सुरुवात पिल्लांपासून करावी.