पुढे आलेले दात

दातांविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचा खालचा जबडा म्हणजे लोकलमधील तिघांचे बाक. त्यावर चौथा अंग चोरून बसलेला. सेमिनरीत त्याकडे कोणी बोट दाखविले नाही. वाकड्या दातांनी भाकरी चावता येते, प्रवचनही करता येते, अशी आमची समजूत होती. तिनेच आम्हांस फसविले.

नवी मुंबईतील आमच्या धर्मग्रामात गरजू मुलांच्या औषधोपचारासाठी लहानसा निधी आहे. काही वर्षांपूर्वी एकाच महिन्यात त्यासाठी दोन अर्ज आले. पहिला बारा वर्षांच्या एका मुलीच्या आईचा. मुलीचा वरचा एक दात शेजाऱ्यावर किंचित चढलेला. ती तोंडावर रुमाल धरून हसे. "फादर, उद्या हिच्या लग्नाचं बघायला लागेल," आई म्हणाली. दुसरा अर्ज तुर्भ्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या गृहस्थांचा. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाचे पटाशीचे दात इतके पुढे होते की ओठ मिटत नसत. पण पोर मनमोकळे हसे. आम्ही मुलीला पैसे दिले. मुलाच्या वडिलांस म्हणालो, "वाढत्या वयात बसतील जागेवर."

पुढल्या पावसाळ्यात चर्चच्या मैदानात फुटबॉल खेळताना तो तोंडावर आपटला. वरचा एक दात अर्ध्यावर तुटला.

त्याला घेऊन आम्ही दंतमहाविद्यालयात गेलो. तेथील प्राध्यापिकेने लहानशी पट्टी लावून वरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे आहेत ते मोजले. दहा मिलिमीटर. असे दात पडझडीत सर्वप्रथम सापडतात, हे त्यांनी शांतपणे सांगितले. आमचे वाक्य अगदीच निराधार नव्हते. सात ते अकरा या वयात वरच्या दोन दातांत जी फट दिसते, ती सुळे उतरले की बहुधा आपसूक मिटते. मात्र ते फटीविषयी खरे. या मुलास ते लागू नव्हते.

1989 साली ब्रूक आणि शॉ यांनी ब्रिटनमध्ये उपचाराची गरज ठरविणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पहिल्या दोन पायऱ्यांवर उपचाराची फारशी गरज नाही, तिसरी सीमेवरची, चौथी-पाचवीला गरज निश्चित. नऊ मिलिमीटरच्या पुढे गेलेला दात थेट पाचवीत. मुलीचा दात दुसरीच्या पुढे जात नव्हता. आमच्या डोळ्यांनी नेमके उलटे मोजले होते.

तरी मुलीवरचा पैसा वाया गेला, असे म्हणण्याची आमची छाती होत नाही. त्याच मोजपट्टीला दहा छायाचित्रांचा दुसरा भाग आहे. त्यात दिसण्याचाही हिशेब धरतात. मुलीचा रुमाल आता खिशात असतो.

मुलाचा दात भरून दिला, तारही लागली. आता रविवारच्या वर्गातील मुले सात वर्षांची झाली की दंतवैद्याकडून पाहून घेतो. अर्ज आम्ही स्वीकारतो, निवाडा त्यांच्याकडे.

मुलाच्या वडिलांनी आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही. दर रविवारी मिस्सा संपल्यावर ते हात जोडतात. एकदा तरी "फादर, तुम्हीच म्हणाला होता ना?" असे त्यांनी विचारले असते, तर आम्हांस बरे वाटले असते.