मरियमच्या प्रभावळीतली अक्षरं

फ्लॉरेन्सला जाणारा माणूस ब्रुनेलेस्कीचा घुमट पाहतो, मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहतो आणि उफिझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढच्या गर्दीत उभा राहतो. मीही राहिलो. पण माझ्या मनात घर केलं ते त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या एका चित्राने.

जेन्तिले दा फाब्रियानोने ते १४२३ मध्ये पाल्ला स्त्रोत्सी या धनाढ्य सावकारासाठी रंगवलं. बाळ ईसाच्या दर्शनाला पूर्वेकडून तीन राजे आले आहेत. मागे घोडे, माकडं, माणसांचा लोंढा, आणि सगळीकडे सोनंच सोनं. हजरत मरियमच्या डोक्यामागच्या सोनेरी प्रभावळीकडे नीट पाहिलं आणि मी थबकलो. तिथे अरबी अक्षरं होती! निदान तशी दिसणारी. वाचायला गेलो तर काहीच लागेना. लागणारही नव्हतं, कारण चित्रकाराला अरबी येत नव्हती.

मग ही अक्षरं आली कुठून? व्यापारातून. इजिप्त आणि शाममधून रेशमी कापड आणि नक्षीची पितळी तबकं इटलीत येत. १४२२ मध्ये फ्लॉरेन्सने आपले दूत कैरोच्या मामलूक सुलतानाकडे पाठवले होते. मरियम आणि ईसा पूर्वेचे, म्हणून त्या मुलखाची लिपी त्यांना शोभेल, असं चित्रकाराला वाटलं असावं.

अरबी अक्षरं असलेला कागद रस्त्यात दिसला, की तो उचलून उंच जागी ठेवायची आपल्या घरांतली रीत आठवली. अर्थ आपल्यालाही बहुतेकदा कळत नाही. आपला आणि जेन्तिलेचा आदर एकाच जातीचा.

त्याच शहरात याच्या पुढची पायरीही आहे. बाप्तिस्तेरीचे सोनेरी दरवाजे घडवायला लोरेन्झो गिबेर्तीला १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं लागली. दृष्टी आणि प्रकाशाबद्दल लिहिताना त्याने बसऱ्याच्या इब्न अल-हैसमचा ग्रंथ इटालियन भाषांतरातून वाचला आणि त्यातलं पुष्कळ आपल्या लेखनात घेतलं. 'युरोपने सगळं आपल्याकडूनच घेतलं' असे मेसेज आपल्या ग्रुपांवर रोज फिरतात. घेतलं खरं, पण वाचून घेतलं. पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी इब्न अल-हैसमचं एक पान वाचलंय?

आणि तिसरी तऱ्हा आपल्या महाराष्ट्रातली. अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं, म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं सांगून न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती पाटी राहू दिली.

न कळणाऱ्या अक्षरांना कुणी प्रभावळीत बसवतं, कुणी पाटीवरून पुसू पाहतं. पुसणाऱ्यांशी न्यायालयात भांडता येतं. पण आदराने उंच ठेवलेला कागद खाली काढून वाचायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागेल.