होकारास लागणारा वेळ

टेलिव्हिजनवरील मालिकांत प्रणयाचे दोन प्रकार आम्हांस आढळतात. एकांत पहिल्याच भेटींत मनें जुळतात, व उरलेले दोनशे भाग तीं तोडण्यांत खर्ची पडतात. दुसऱ्यांत दोन माणसें एकमेकांस हळूहळू ओळखूं लागतात, आणि प्रेम नेमकें केव्हां जडलें हें त्यांचें त्यांनाही सांगतां येत नाहीं. आमच्या घरीं तीन पिढ्या एकाच खोलींत बसतात, तेव्हां हा दुसरा प्रकार सोयीचा, असें कोणी म्हणेल. रिमोटकडे घाईनें हात नेण्याचा प्रसंग येत नाहीं, हें खरेंच. पण एवढ्या सोयीसाठीं कोणी रोज जेवणें लवकर आटोपीत नाहीं.

२०१२ सालीं झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही सतीश राजवाडे यांची मालिका लागे. पुढें वेगळें व्हावयाचें असा आपसांत करार करून घना व राधा लग्न करतात, आणि काळ्यांच्या भरल्या घरांत नवराबायकोचें सोंग वठवितां वठवितां तें सोंग राहत नाहीं. स्वप्नील जोशी व मुक्ता बर्वे यांचीं कामें चांगलींच होतीं. आमच्या मातोश्रींस मात्र ही कल्पना प्रथम मुळींच रुचली नाहीं. “लग्न म्हणजे काय भाड्याची खोली?” असें त्या म्हणाल्या. महिनाभरानें त्याच आम्हांस गप्प बसवूं लागल्या! त्यांचें लग्न झालें तेव्हां त्यांनीं वडिलांचा चेहराही नीट पाहिला नव्हता. वडिलांस चहांत साखर कमी लागते हें कळावयास महिना गेला. आणि ते रागावले म्हणजे बोलत कांहीं नाहींत, फक्त एक पोळी कमी खातात, हें कळावयास वर्ष. लग्न आधीं, ओळख मागून. राधेची गोष्ट त्यांना तितकीशी नवी नव्हती.

मात्र संथपणा निराळा आणि लांबण निराळी. बी. बी. सी. नें जेन ऑस्टेनच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरून १९९५ सालीं केलेली मालिका अवघ्या ६ भागांची आहे. तिसऱ्या भागाच्या अखेरीस डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो, तीही तिच्या माणसांचा कमीपणा तिला ऐकवीत, आणि ती साफ नकार देते. पुढें घटना पुष्कळ आहेत. पण खरा वेळ लागतो तो त्याला आपला ताठा ओळखावयास, व तिला आपला उतावळा निवाडा मागें घ्यावयास. पेम्बरलीच्या दिवाणखान्यांत ती त्याच्या बहिणीच्या पियानोपाशीं उभी असतां तो दुरून नुसता पाहत राहतो. शब्द एकही नाहीं. हीच नजर पहिल्या भागांत दाखविली असती तर तिची किंमत शून्य होती. येथें तिच्यामागें चार भागांची पुंजी जमलेली असते.

आमच्या कित्येक दैनंदिन मालिकांत भलत्याच्या हातीं पडलेली चिठ्ठी, दाराआडून अर्धवट ऐकलेलें बोलणें, ऐन मुहूर्तावर गेलेली स्मृति, हीं सारीं विघ्नें बाहेरचीं. तीं काढून टाका, त्या दोघांचें लग्न दुसऱ्याच दिवशीं लावतां येईल. हें पाणी घालून वाढविलेलें दूध, आटविलेलें नव्हे.

हा भेद आम्ही एकदां जेवतांना मोठ्या रसाळपणें सांगत होतों. आमच्या पुतणीस त्या दिवसांत स्थळें येत होतीं. एका ठिकाणीं पोहे झाले, मुलगा शिकलेला, पत्रिका जुळलेली. आणि दादांचें म्हणणें असें, कीं रविवारपर्यंत होकार-नकार कळवावा, लोकांस तिष्ठत ठेवणें बरें नव्हे. ती शांतपणें म्हणाली, “काका, त्या दोघांसाठीं तुम्हीं सर्वांनीं महिनेच्या महिने वाट पाहिलीत. मला रविवारपर्यंतच कां?”

दादा रागावून उठून गेले. वहिनी ताटें आवरूं लागल्या. मातोश्री मात्र म्हणाल्या, “तिला हवा तेवढा वेळ द्या. आम्हांला कोणी विचारलें नाहीं. हिला विचारलें आहे, तर उत्तरही तिचेंच येऊं द्या.”

मुलाकडचीं माणसें समंजस निघालीं. गेले तीन महिने तीं दोघें दर शनिवारीं भेटतात. काय बोलतात तें ती सांगत नाहीं. परवां एवढेंच म्हणाली, कीं बोलत असतां त्याच्या आजीचा फोन आला तर तो घेतो, आणि मग आपलें वाक्य जेथें तुटलें असेल तेथूनच पुरें करतो.

“आणि तुझें वाक्य तुटलें तर?” मातोश्रींनीं विचारलें.

“तें अजून पाहावयाचें आहे,” ती म्हणाली.