शिमग्यातली पुळण

कोकणात शिमगा आला की मुंबईची माणसं गावाकडे यायला निघतात आणि समुद्रावरचे कुरव आपल्या गावाकडे जायला. हर्णैच्या किनाऱ्यावर दोघांची गाठ पडते. लहानपणी माझं सगळं लक्ष पालखीकडे. कुरवांकडे लक्ष असे ते आजोबांचं. जेटीवर होडीच्या आडोशाला बसून ते म्हणायचे, "टाळकी काळी झाली रे यांची. आता काय थांबत नाहीत."

आजोबांनी पक्ष्यांचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण खूण अचूक होती. दिवाळीच्या आसपास येतो तेव्हा या कुरवाचं डोकं पांढरं असतं; कानापाशी एक काळसर ठिपका, चोच आणि पाय लाल. थंडी सरता सरता डोक्यावर नवी पिसं येऊ लागतात. शिमग्यात जेटीवर पाहिलं, तर एकाच्या डोक्यावर नुसते शिंतोडे, दुसऱ्याची टोपी निम्मी, तिसऱ्याची गडद तपकिरी, पार गळ्यापर्यंत उतरलेली. ओहोटीच्या चिखलात धावणारे चिखल्येही तेव्हाच रंग बदलतात. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या छातीवर तांबूस पट्टा चढतो आणि डोळ्यांवर काळी पट्टी येते. ही सगळी विणीची तयारी. आंब्याला मोहोर येतो तो आपल्या डोळ्यांत भरतो. पुळणीवरचा वसंत मात्र पक्ष्यांच्या अंगावर उमटतो आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

नोकरीने मला मुंबईत नेलं. तिथे शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिले. कुरव निघून जातात त्या चैत्र-वैशाखात रोहित मात्र ठाण्याच्या खाडीत तळ ठोकून असतात. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर हलतात, कारण त्यातल्या अनेकांची वीण कच्छच्या रणात, पावसाचं पाणी साचल्यावर होते. एकाच किनारपट्टीवर प्रत्येकाचं निघण्याचं पंचांग वेगळं, हे मला गावात कळलं नसतं. त्या खाडीचा काही भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

पुढे एका जून महिन्यात लडाखला जाणं झालं. पँगाँग सरोवर चार हजार मीटरहून उंचावर. भर उन्हाळ्यातही वारा अंगाला झोंबत होता. आणि काठावर आमचे कुरव! हर्णैत भरताना पाहिलेली टोपी इथे सगळ्यांच्या डोक्यावर पुरी भरलेली. पर्यटकांनी फेकलेली बिस्किटं हवेतल्या हवेत झेलत होते, जेटीवर मासळीच्या आतड्यांवर तुटून पडतात त्याच हावरेपणाने. तळ्याचं पाणी बोटाने चाखलं, तर तेही खारट. आजोबांचं 'थांबत नाहीत' इथवर येऊन पोचत होतं, आणि ते ठिकाण त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर गावी आलो तेव्हा पुळणीवर गाड्या धावत होत्या. शिमगा, जोडून आलेल्या सुट्ट्या, मग मे महिना: आपली वर्दळ ऐन याच दिवसांत. आणि पक्ष्यांना खाण्याची सर्वांत निकड असते तीही याच दिवसांत. लांबच्या प्रवासाआधी ते अंगावर चरबी चढवतात. किनाऱ्यावरच्या काही पाणथळ पक्ष्यांचं वजन तर जवळजवळ दुप्पट होतं. ओहोटीचे मोजके तास हीच त्यांची जेवणाची वेळ. तेवढ्यात गाडी आली, कुत्रं धावलं, फोटोसाठी कोणी थवा उडवला, की खाणं थांबतं आणि साठवलेली चरबी विनाकारण जळते. एकदा उडवल्याने पक्षी मरत नाही. दिवसभर उडवत राहिलं, तर तो उपाशी अंगाने हिमालयाकडे निघतो.

गाड्यांवर बंदीचे फलक लागतात आणि गंजतात. मी दुसरा उपाय धरला आहे. शिमग्याला आलेल्या पोरांच्या हातात दुर्बीण देतो आणि कुठल्या कुरवाची टोपी किती भरली ते शोधायला लावतो. जराशाने तीच पोरं थव्याकडे धावणाऱ्या मोठ्यांना दटावू लागतात, "ओ काका, थांबा ना, त्याची टोपी अजून अर्धीच झालीय!"