कारेसच्या घळईंतील वाट

स्पेन देशाच्या उत्तर किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ‘पिकोस दे एउरोपा’ नांवाची चुनखडीची पर्वतराजी आहे. तिचें सर्वोच्च शिखर २,६०० मीटरांहून उंच. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या फत्तरावरून पाणी खालीं धांवतें. येथें तें खडकास विरघळवीत त्याच्या पोटांतच नाहींसें होतें. म्हणून डोंगराच्या आंत खोल गुहा आहेत, व त्यांच्या दमट गारव्यांत येथील लोक ‘काब्रालेस’ नांवाचें चीज महिनेच्या महिने मुरवीत ठेवितात.

गेल्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां व आमचे थोरले बंधु पोन्सेबोसहून काईन गांवीं पायीं जाण्यास निघालों. वाट कारेस नदीच्या घळईंतून सुमारें १२ किलोमीटर जाते. काईन पाहण्याची हौस दादांची. येथल्याच ग्रेगोरिओ पेरेस नांवाच्या डोंगरी माणसानें १९०४ सालीं पेद्रो पिदाल या सरदारासह नारांहो दे बुल्नेसचा दुर्गम सुळका प्रथम सर केला. पुढें याच पिदालच्या खटपटीनें १९१६ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९१८ सालीं या पर्वताचा पश्चिम भाग संरक्षित झाला. १९९५ मध्यें ती मर्यादा साऱ्या पर्वतराजीवर वाढविण्यांत आली.

प्रारंभींची चढण दादा धिम्मेपणानें चढले. पण पुढें वाट उभ्या कड्यांत कोरलेली. खालीं नदीची पांढरी रेघ! दादांचे पाय लटपटूं लागले. “तुम्ही पुढें व्हा, मी येथेंच बसतों,” असें ते म्हणाले. ज्यांनीं मला हात धरून सिंहगड चढविला, त्यांचे हे शब्द ऐकून माझ्या पोटांत कालवलें.

शेजारून विजेच्या कारखान्याचा कालवा वाहत होता. त्यांत हात बुडवून दादांनीं विचारलें, “हा कोणीं खणला?” १९२१ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या कामांत ११ मजूर प्राणांस मुकले, असें मीं सांगितलें. पिदालचें नांव सर्वत्र आढळतें. त्या अकरांचीं नांवें आम्हांपैकीं कोणासच ठाऊक नव्हतीं. दादांनीं ओल्या हातांनीं नमस्कार केला.

आम्ही तिघेंही परत फिरलों. एकट्यानें काईन पाहून घरीं मीं काय सांगितलें असतें?

रात्रीं दादा नकाशा उलगडून बसले. “काईनपर्यंत मोटार जाते,” ते म्हणाले, “आणि त्या बाजूस वाट बहुतेक सपाट, नदीही जवळच. पुढच्या वेळीं तिकडून निघूं.”