ईआरकेच्या दोन पट्ट्या

बाबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते, फर्मेंटेशनला. १९५५ पासून तिथं पेनिसिलिन निघत होतं. औषध जिवंत पेशींकडून करवून घेता येतं, हे आम्हा एच.ए. कॉलनीतल्या पोरांना शाळेच्या पुस्तकाआधीच ठाऊक होतं.

पुढे पुण्यात पीएच.डी. करताना माझ्या वाट्याला ईआरके हे कायनेज आलं. पेशीला बाहेरून वाढीचा निरोप मिळाला की त्याच्यावर दोन जागी फॉस्फेट चढतो. मग ते इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवत जातं आणि पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. सशापासून मिळवलेली माझी अँटिबॉडी फॉस्फेट चढलेलं, म्हणजे जागं झालेलं ईआरके तेवढंच धरायची. ती उणे वीस अंशांत ठेवायची. ग्लिसरॉलमुळे तिथंही गोठत नसे. प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या ब्लॉटला दुधाची पावडर चालायची नाही, बीएसए हे प्रथिनच लागायचं, कारण दुधातल्या केसिनवरही फॉस्फेट असतो. सगळं जमलं की ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दोन पट्ट्या उमटायच्या. पेशीच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसायचं! तो आनंद अजून जुना झालेला नाही.

मग चिंचवडच्या मावशीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला. हर-टू, २+. हर-टू हेही कायनेजच, पेशीच्या पृष्ठभागावरचं. त्याचा निरोप ज्या वाटांनी आत जातो त्यांतली एक ईआरकेपर्यंत पोचते. काचपट्टीवरचा तपकिरी रंग अँटिबॉडीमुळेच आलेला. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. फिश तपासणीत जनुकाच्या प्रती मोजल्या, तेव्हा होकार आला. उपचार ठरला ट्रास्टुझुमॅबचा, म्हणजे हर-टूलाच धरणाऱ्या अँटिबॉडीचा. "अगं, हे तर तुझ्या लॅबमधलंच निघालं की!" मावशी म्हणाली. मी तिला माझ्या ब्लॉटचे फोटो दाखवले. तिनं खोदून खोदून प्रश्न विचारले.

आता मी चाकणला नोकरी करते. इथं एन्झीनसारखी कंपनी टाक्यांत पेशी वाढवून अँटिबॉडीची औषधं बनवते. आमच्या फ्रीजमधल्या तपासणीच्या अँटिबॉडींच्या बाटल्या मात्र परदेशातूनच येतात, आणि ते मला खटकतं. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली दाखवलेल्या हायब्रिडोमाच्या रीतीवर पेटंट नव्हतं. त्या बाटल्या इथंही व्हायला हव्यात. अट एकच: अँटिबॉडी ज्या कायनेजला धरते तेच ज्या पेशींतून काढून टाकलंय, त्यांच्यावर ती आधी लावून बघायची. तिथंही पट्टी उमटली, तर ती बाटली विकायची नाही.